बेटावरचे बिऱ्हाड

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मुलांची लग्ने, सासू-सुनांचे रुसवे, परीक्षा आणि पथ्यपाणी हे विषय बहुधा असतात, आणि त्यांना उत्तरे देण्याचा आम्हांस आता सराव झाला आहे. परंतु गेल्या महिन्यात पुण्याहून एका भगिनीचे जे पत्र आले, त्याने आम्हांस दोन-चार दिवस विचारात पाडले. पत्र खासगी आहे. तथापि त्यातील प्रश्न आज पुष्कळ घरांत या ना त्या रूपाने उपस्थित होत असल्याने, त्यांच्या अनुमतीने व नावनिशी गाळून आम्ही तो येथे मांडीत आहो.

या भगिनींची कन्या फिजिओथेरपिस्ट असून जावई संगणकाच्या कामावर आहेत. दोघे आठ वर्षे ग्लासगो शहरी राहतात. पदरी पाच वर्षांचा मुलगा आहे. आता उभयतांनी असे मनात घेतले आहे की, शहर सोडावे, स्कॉटलंडच्या वायव्येस समुद्रात असलेल्या उत्तर यूइस्ट नामक बेटावर चार-पाच हेक्टरांचा तुकडा घ्यावा, मेंढ्या पाळाव्या, बटाटे लावावे आणि तेथेच बिऱ्हाड करावे. दोघांपैकी कोणीही आजवर कुंडीतल्या तुळशीपलीकडे काही लावलेले नाही. रत्नागिरीकडील वडिलोपार्जित आगर मागील वर्षी विकले गेले. त्या रकमेतील आपला वाटा या कामी मिळावा, अशी कन्येची मागणी आहे.

घरात अर्थातच दोन तट पडले. थोरले दीर म्हणतात, "कोकणातली जमीन कसवेना म्हणून विकली, आणि त्याच पैशाने परमुलखातल्या खडकावर मेंढ्या राखायच्या काय?" धाकट्या जाऊबाईंचे म्हणणे, पोरांना हौस आहे तर करू द्यावे, फसली तर परत येतील. कोणी थंडीचे विचारतो, कोणी शाळेचे, कोणी भाताचे. सासरे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. ते सारे ऐकून एवढेच म्हणाले, "शेजार कसा आहे?" म्हाताऱ्या माणसाचे बोलणे म्हणून ते कोणी मनावर घेतले नाही, असे त्या भगिनी लिहितात.

आमच्या मते साऱ्या घरात खरा प्रश्न त्यांनीच विचारला. तो का, हे सांगण्यासाठीच आजचा लेख खर्ची घालावा लागणार आहे.

प्रथम ही जमीन म्हणजे काय ते पाहू. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात व बेटांवर अशा लहान धारणेस क्रॉफ्ट म्हणतात, व ती कसणाऱ्यास क्रॉफ्टर. अशा वीस हजारांहून अधिक धारणा आजही आहेत. चार-पाच हेक्टर ऐकून आपल्याकडचा मनुष्य म्हणेल, "बारा एकर! काय कमी आहे?" परंतु हे माप मुळात का पडले, हे ज्याला ठाऊक नाही त्याचा पहिलाच हिशेब चुकतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या बेटांच्या किनाऱ्यावर समुद्रशेवाळ जाळून त्याची क्षारयुक्त राख करण्याचा धंदा भरभराटीस आला. या राखेस केल्प म्हणत; साबण व काच यांच्या कारखान्यांस ती लागे. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे स्पेनचा क्षार येईनासा झाला आणि केल्पचा भाव चढला. नफा जमीनदाराचा, ओल्या शेवाळात कंबरेपर्यंत उभे राहण्याचे काम कुळांचे. कुळाला पोटापुरती जमीन मिळाली तर तो शेवाळ काढायला कशाला येईल? म्हणून जुन्या सामाईक वाड्या मोडून जमिनीचे असे तुकडे पाडले गेले की, त्यांवर कुटुंबाचे पूर्ण वर्ष निभू नये. १८०३ साली परदेशी माणसे नेणाऱ्या जहाजांवर कायद्याने निर्बंध आले, प्रवास महागला, आणि माणसे तेथेच अडकून राहिली. पुढे युद्ध संपले, केल्पचा भाव कोसळला, आणि ज्यांना अडकवून ठेवले तीच माणसे जमीनदारास जड वाटू लागली. १८४६ पासून बटाट्यावर करपा पडून उपासमार झाली. १८४९ साली याच उत्तर यूइस्टवरील सोलास भागातील कुळांना घराबाहेर काढण्यासाठी पोलीस आले, तेव्हा बायकांनी दगड हाती घेतले व डोक्यावर लाठ्या खाल्ल्या.

सारांश, ही धारणा अपुरी आहे ती निसर्गाने नव्हे. ती अपुरी राहावी म्हणूनच आखली गेली. "आम्ही केवळ जमिनीवर जगू" असे म्हणणारा नवखा जे करू पाहतो, ते क्रॉफ्टवर त्या बेटावरच्या माणसालाही सहसा साधलेले नाही. जुना क्रॉफ्टर मासेमारी करी, विणकाम करी, जहाजावर नोकरीस जाई; आजचा क्रॉफ्टर शाळेत शिकवतो, टपाल वाटतो, रस्त्याच्या कामावर जातो, आणि उरल्या वेळात मेंढ्या पाहतो. शेतीचे उत्पन्न त्याच्या घरखर्चाचा लहानसाच वाटा उचलते.

या कुळांचे गाऱ्हाणे ऐकण्यास १८८३ साली जो चौकशी आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर हे पूर्वी मद्रासचे गव्हर्नर होते व १८७२ साली काही काळ हिंदुस्थानचे हंगामी व्हाइसरॉयही होते. आयोगाच्या मागोमाग १८८६ साली कायदा झाला. त्याने कुळास जमिनीवरून न हटवण्याची हमी, वाजवी खंड, स्वतः केलेल्या सुधारणांची भरपाई आणि वारसाहक्क ही चार दाने दिली. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घराण्यांनी मुंबई इलाख्याचा १९४८ चा कुळकायदा अनुभवला आहे, पण तो दुसऱ्या बाजूने! पत्र लिहिणाऱ्या भगिनींचे सासर मूळचे खोतांचे. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. आता त्याच घरातली नात परमुलखात कूळ होऊ पाहते आहे. काळाचा हा फेरा पाहून थोरल्या दिरांना राग येण्याऐवजी थोडे हसू आले असते, तर आम्हांस अधिक आवडले असते.

आजचा कायदाही या नवख्या जोडप्याने नीट वाचावा. क्रॉफ्ट म्हणजे "चहूंबाजूंनी नियमांनी वेढलेला जमिनीचा तुकडा" अशी थट्टा तेथेच रूढ आहे. कुळाचा हक्क दुसऱ्याकडे जाण्यास क्रॉफ्टिंग आयोगाची संमती लागते. धारकाने जमिनीपासून ३२ किलोमीटरांच्या आत राहिले पाहिजे. जमीन पडीक टाकता कामा नये. ती कसली पाहिजे किंवा दुसऱ्या मान्य कामी लावली पाहिजे. दरवर्षी आयोगाकडे तसे लिहून द्यावे लागते. म्हणजे उन्हाळ्यात येऊन हवा खावी व हिवाळ्यात शहरी जावे, ही सोय नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे प्राप्त आहे. या जमिनीचा वार्षिक खंड अगदी थोडा असतो, आणि कुळास ती मालकाकडून विकत घ्यावयाची झाल्यास १९७६ पासून कायद्याने खंडाच्या पंधरापट किंमत ठरलेली आहे. परंतु कुळाचा हक्कच जेव्हा बाजारात येतो, तेव्हा शहरातला पैसा त्याचा भाव असा वाढवतो की, त्या वाडीत जन्मलेल्या तरुणाला तो परवडत नाही. आपल्या भगिनींच्या घराने आगर विकले, ते मुंबईच्या एका गृहस्थाने घेतले. तेथे आता कुंपण आहे, कुलूप आहे, आणि मे महिन्यातील आठ दिवस सोडता माणूस नाही, असे त्याच पत्रात त्यांनी खेदाने लिहिले आहे. मग जो सल त्यांना आपल्या आगराविषयी आहे, तोच सल उत्तर यूइस्टच्या एखाद्या घरात आपल्या कन्येविषयी असू शकेल, याची जाणीव असणे बरे. पैसे मोजले म्हणजे हा सल जात नाही. तेथे राहून, दिवा लावून, मूल तेथल्या शाळेत घालूनच तो कमी होतो.

आता जमिनीकडे वळू. उत्तर यूइस्टच्या पश्चिम किनाऱ्यावर अटलांटिक महासागर शंखशिंपल्यांचा चुरा आणून टाकतो; वाऱ्याने तो आत उडून सपाट कुरणे बनतात. त्यांना माखर म्हणतात. गणपतीच्या मखराशी या शब्दाचा संबंध नाही, पण जुलै महिन्यात ही कुरणे रानफुलांनी अशी भरतात की, नात्याचा भास व्हावा. माखराच्या आत घरे व बांधलेली शेते, आणि त्याच्याही आत काळी दलदल व डोंगर. या दलदलीत हजारो वर्षांच्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर असतात. त्यांना पीट म्हणतात. ते कापून वाळवले म्हणजे जळण होते. माखराची वाळू चुनखडीयुक्त, तर पीट आंबट. एकीला पाणी धरता येत नाही. दुसरीला सोडता येत नाही.

नवखा येथेच फसतो. फुलांनी भरलेले माखर पाहून त्याला वाटते, मेंढ्या बाराही महिने येथेच ठेवाव्या. परंतु या वाळूत कोबाल्ट नावाचे द्रव्य अत्यल्प असते. ते मिळाले नाही तर रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ब-१२ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि गुडघाभर गवतात उभी असलेली मेंढी झुरत जाते. कोबाल्टचा शोध लागण्यापूर्वीच तेथील लोकांना अनुभवाने ठाऊक होते की, खंगलेले जनावर डोंगरावर नेले की सुधारते. म्हणूनच प्रत्येक वाडीला थोडे माखर व थोडा डोंगर असे दोन्ही असते, आणि ऋतूप्रमाणे जनावरे इकडून तिकडे न्यायची असतात. डोंगर कोणा एकाचा नसतो. तो सामाईक चराईचा. कोणी किती मेंढ्या, किती गुरे सोडायची, याचे वाटे ठरलेले असतात. ते पाहण्यास चराईची समिती व तिचा कारकून असतो. तेव्हा जमीन विकत घेतली तरी शेजाऱ्यांवाचून ती निम्मीच असते. आजोबांच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर.

दुसरी गोष्ट खताची. हिवाळी वादळे समुद्राच्या तळचे जाड शेवाळ उपटून किनाऱ्यावर ढीग घालतात. ते वाहून आणून कुजू द्यावे, माखरावर पसरावे, आणि वसंतात उथळ नांगरट करून त्यात बारीक दाण्याचा ओट, राय व जुन्या जातीचे सातू एकत्र पेरावे, अशी तेथली रीत आहे. शेवाळ वाळूला ओलावाही देते व बांधूनही ठेवते. खोल नांगरले तर वारा ती वाळू शेजाऱ्याच्या शेतात नेऊन टाकतो. साधारण दोन वर्षे पीक काढून पुढे दोन-तीन वर्षे जमीन पड टाकतात. नवख्याला ती वाया गेलेली वाटते, पण तीच तिची विश्रांती. पिटाच्या ओल्या जमिनीत बटाट्यासाठी वेगळी युक्ती: शेवाळाचा पट्टा घालायचा, दोन्ही बाजूंनी माती खणून त्यावर उलटी घालायची, म्हणजे मध्ये उंच वाफा व कडेला पाण्याचे चर आपोआप होतात. इंग्रजीत याला "आळशी वाफा" असे नाव आहे. ज्याने ते दिले त्याने तो वाफा कधी खणला नसावा.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. पाऊस, थंडी यांची भीती आपल्या लोकांस वाटते. खरे पाहता समुद्रामुळे तेथे बर्फ फारसा टिकत नाही. परंतु वाऱ्याला अडवायला झाड नाही, आणि त्याच्याबरोबर मीठ येते. बागेतील कोबी एका रात्रीत करपतो. तारेचे कुंपण गंजते. प्लास्टिकचे साधे हरितगृह उडून जाते. शेटलंडच्या लोकांनी साल्मन मासळीच्या पैदाशीतील टाकाऊ जाड नळ्या कमानीसारख्या वाकवून भक्कम हरितगृहे बनवली, तेव्हा कोठे बेटांवरच्या भाजीपाल्यास आसरा मिळाला. दक्षिणायनाच्या अखेरीस दिवस साडेसहा तासांचा असतो. नोव्हेंबर ते जानेवारी आगबोट वादळाने रद्द होणे नित्याचे. त्या वेळी दुकानातील दूध-पाव संपतो. चारा, औषधे, खिळे, दोर हे सारे आधीच घरी असले पाहिजे. आपल्या आज्या आगोटीची बेगमी करीत. ती विद्या या मुलीने कोणा वडीलधाऱ्या स्त्रीकडून शिकून घ्यावी.

येथे एका पुस्तकी माणसाचे उदाहरण देतो. फ्रँक फ्रेझर डार्लिंग या नावाचे पशुशास्त्रज्ञ १९३९ साली आपल्या कुटुंबासह टनेरा मोर या स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या बेटावर राहावयास गेले व युद्धाची बहुतेक वर्षे तेथे राहून त्यांनी एक पडीक क्रॉफ्ट पुन्हा लागवडीस आणला. मेंढ्यांवर त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. तरीही तेथे त्यांच्या हाती लेखणीआधी फावडे व पहार आली. जुन्या हेरिंग-मासळीच्या ठाण्याचा पडका धक्का त्यांनी दगडांवर दगड रचून दुरुस्त केला; कारण होडी लागण्यास जागा नसेल तर चुन्याची पोती, गाय किंवा पीठ यांतील काहीच किनाऱ्यावर उतरत नाही. चुना, खत आणि पांढऱ्या क्लोव्हरचे बी यांनी त्यांनी आंबट जमिनीत गवत आणले, व १९४३ साली या अनुभवाचे "आयलंड फार्म" हे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी साऱ्या प्रदेशाची पाहणी केली. तिचा ग्रंथ १९५५ साली निघाला, आणि त्यात त्यांनी दाखवले की, जंगलतोड, जाळपोळ व मेंढ्यांची बेसुमार चराई यांनी हा मुलूख माणसानेच झिजवलेला आहे. वाचलेली विद्या तेथे निरुपयोगी ठरते असे नव्हे. मात्र तिला हातांची जोड द्यावी लागते.

आता शेजाराकडे पुन्हा येऊ. मेंढ्यांचे एकट्याने होणारे काम थोडे. डोंगरावर पसरलेली मेंढरे लोकर कातरण्यास, औषधाच्या हौदात बुडवण्यास किंवा शरद ऋतूत कोकरे विकण्यास खाली आणायची, तर साऱ्या वाडीने एकाच दिवशी रांग धरून, कुत्र्यांसह, डोंगर विंचरावा लागतो. त्या दिवशी नवखा आला की नाही, हे सारी वाडी पाहते. त्याला काही येत नाही हे कोणी मनात धरत नाही; तो दार धरून उभा राहिला, चहाची किटली घेऊन आला, तरी पुरे. आला नाही, तर एप्रिल-मे महिन्यांत रात्री दोन वाजता त्याची मेंढी अडली असता कोणाचे दार वाजवावे, हा त्याच्यापुढे प्रश्न पडतो. ओल्या जमिनीतील गोगलगायीपासून होणारा यकृताच्या कृमींचा रोग, गोचिडी, कुंपणातील खिंडारे, बंदरावर जाणारी मालमोटार यांविषयी जे जाणून घ्यायचे ते पुस्तकांतून थोडे व शेजाऱ्याच्या कुंपणावर रेलून अधिक मिळते.

शेजार म्हणजे आचारही आला. या भागातील उत्तर यूइस्ट, हॅरिस व लुईस या बेटांवर प्रॉटेस्टंट पंथाचे वर्चस्व असून रविवार कडक पाळण्याची जुनी रीत आहे. लुईसच्या स्टॉर्नोवे बंदरातून मुख्य भूमीकडे रविवारची नियमित आगबोट सुरू झाली ती २००९ साली, आणि तीही वादाअंती. रविवारी कपडे वाळत घालणे जुन्या माणसांना खटकते. आजीच्या सोवळ्याच्या वलनीला हात न लावता वाढलेल्या मुलीला हे समजावून सांगावे लागू नये. तसेच भाषेचे. तेथे गेलिक बोलली जाते. इंग्रजी सर्वांना येते म्हणून निभेल खरे. पण ज्या भाषेत शेताच्या प्रत्येक खळग्याला नाव आहे, ती न शिकणारा पाहुणाच राहतो.

आणि शेजार नाहीसा झाला म्हणजे काय होते, याचे उदाहरण या बेटावरून निरभ्र दिवशी डोळ्यांनी दिसते. पश्चिमेस सुमारे ६४ किलोमीटरांवर सेंट किल्डा ही बेटे आहेत. तेथील लोक शतकानुशतके कड्यांवरचे समुद्रपक्षी, थोडी मेंढरे व थोडे धान्य यांवर राहिले. रोज सकाळी गावचे पुरुष रस्त्यावर जमून त्या दिवशीचे काम ठरवीत; बाहेरचे लोक कौतुकाने तिला पार्लमेंट म्हणत. जमीन तीच होती, पक्षी तेच होते. पण तरुण माणसे गेली, आणि होडी वल्हवण्यास, कड्यावर दोर धरण्यास हात पुरेनात. अखेर उरलेल्यांनीच सरकारला अर्ज केला, आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी ३६ जण बेट सोडून गेले. आठ-दहा कर्त्या पुरुषांचा फरक पडला, आणि गाव उठले. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसांना हे निराळे सांगायला नको: घर चालते ते खोल्यांवर नव्हे, माणसांच्या संख्येवर व त्यांच्या एकमेकांना उपयोगी पडण्यावर.

म्हणूनच ही बाजूही नमूद केली पाहिजे की, तेथे माणूस हवा आहे. याच द्वीपसमूहाच्या दक्षिणेकडील दक्षिण यूइस्ट येथील लोकांनी २००६ साली आपली जमीन एका संस्थेमार्फत स्वतः विकत घेतली. एग बेटावरील लोकांनी १९९७ साली तेच केले, आणि २००८ साली वारा, पाणी व ऊन यांपासून स्वतःची वीज सुरू केली. ही बेटे पुन्हा नांदती व्हावी म्हणून तेथील माणसे धडपडत आहेत. पाच वर्षांचे मूल घेऊन येणारे कुटुंब अशा शाळेला नको असेल काय? आणि ज्या बेटांवर म्हातारी माणसे अधिक, तेथे सांध्यांवर उपचार करणारी बाई? उत्तर यूइस्ट १९६० पासून सेतुमार्गाने बेनबेक्युला बेटास जोडलेले आहे, आणि तेथे रुग्णालय आहे. मुलीने आपली विद्या टाकून मेंढपाळ व्हायचे, असा विचार असेल तर तो आम्हांस मान्य नाही. विद्या बरोबर न्यावी. जावयांचे काम संगणकावरचे. तेही तेथून निदान अंशतः करता येईल. त्या मिळकतीवर घर चालवावे, आणि क्रॉफ्टने पहिली पाच वर्षे फक्त स्वतःचा खर्च भागवला तरी समाधान मानावे.

आता भगिनींच्या मूळ प्रश्नाकडे. वाटा द्यावा की नाही? आमचे मत असे. वाटा मुलीचा आहे. तो रोखून धरण्याचा घराला नैतिक अधिकार नाही. परंतु केव्हा घ्यावा, हे सुचवण्याचा वडीलधाऱ्यांचा हक्क आहे. त्यांनी तिला सांगावे की, प्रथम तेथे भाड्याने घर घेऊन एक पुरा हिवाळा काढ. उन्हाळा पाहून जमीन घेऊ नये. त्या हिवाळ्यात दुसऱ्यांच्या मेंढ्यांना चारा घालावा, कुंपणाचे खांब ठोकावे, कोकरांच्या वेळी रात्री जागावे. ज्या वाडीत जमीन पाहिली आहे, तेथील चराई-समितीच्या कारकुनास आधी भेटावे. तेथला कोणी तरुण त्याच जमिनीवर आशा ठेवून आहे काय, हे उघडपणे विचारावे. असेल तर दुसरी पाहावी. सरकारी अनुदाने आहेत. पण कुंपणासारख्या कामात आधी पदरचे खर्चून मग मागावयाचे असते, म्हणून वाट्यातील निदान तिसरा हिस्सा हात न लावता ठेवावा. मेंढ्या दहाच घ्याव्या. आणि मुलाच्या दुखण्याखुपण्याचा विचार प्रथम करावा. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ पासून जूरा बेटावर अशाच एकांतात घर केले, भाजी लावली, कोंबड्या पाळल्या, "नाइन्टीन एटी-फोर" लिहून पुरे केले. पण क्षय जडलेला देह तो एकांत सोसू शकला नाही, आणि जानेवारी १९५० मध्ये ते निवर्तले. प्रकृती निकोप नसेल तर बेटाची हौस पुस्तकातच पुरवावी.

आणि फसली तर? जाऊबाई म्हणतात तसे परत येतील; त्यात नामुष्की कसली? मात्र परत येण्याचे दार उघडे आहे, हे थोरल्या दिरांनी स्वतःच्या तोंडाने तिला सांगितले पाहिजे. ते दार उघडे असले म्हणजे माणूस तेथे अधिक नेटाने टिकतो, असा आमचा अनुभव आहे.

शेवटी एक विनंती. या भगिनींनी कन्येस फोन करून तिला त्या वाडीतील चार घरांची नावे विचारावी: कोण कोठे राहतो, कोणाची मेंढरे किती, कोणाचा मुलगा कोठे नोकरीस आहे. तिला ती सांगता आली, तर वाटा खुशाल पाठवावा. सांगता आली नाहीत, तर रागावू नये; हिवाळा काढून मग पुन्हा विचारावे. आणि उत्तर आले की ते प्रथम आजोबांना सांगावे. प्रश्न त्यांचा होता.